ईयोबाचे मित्र कुठे चुकले?

मित्रहो, प्रायश्चित्तकाळातील, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतील, या व्याख्यानासाठी 'मानवी दुःख आणि देवाची प्रीती' हा विषय मला देण्यात आला, तेव्हा प्रथम आठवले ते एक मयताचे घर. तरुण मुलगा गेला होता. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, आतून गीतांचे सूर येत होते आणि येणारा प्रत्येक जण त्याच्या आईचा हात हातात घेऊन 'देवाची इच्छा' एवढेच म्हणत होता. मीही तेच म्हणालो. तिने हात सोडवून घेतला आणि ती आत निघून गेली.

त्यानंतर मी बायबलमधील ईयोबाचे पुस्तक पुन्हा वाचले. मुलेबाळे, गुरेढोरे आणि आरोग्य गमावून राखेत बसलेल्या ईयोबाला भेटायला अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र येतात, आणि त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून सात दिवस व सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहतात. पुढे ते तोंड उघडतात आणि सगळे बिघडते. देव न्यायी आहे, ज्या अर्थी तुला भोगावे लागते त्या अर्थी तुझ्या हातून पाप घडले असलेच पाहिजे, हा त्यांचा हिशेब. आपल्याकडे 'कुठल्या जन्मीचे पाप' म्हणतात, त्याच जातीचा. तुम्ही देवाची बाजू घेऊन खोटे बोलणार काय, असे ईयोब त्यांना तेराव्या अध्यायात विचारतो. शेवटी देवाचा कोप होतो तो या वकीलपत्र घेतलेल्यांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे तो अलीफजला सुनावतो. मला यातला फरक असा दिसतो की मित्र देवाविषयी बोलत राहिले, तर ईयोब देवाशी बोलला, प्रसंगी भांडलाही. आपल्यावर हे का ओढवले याचे कारण मात्र त्याला अखेरपर्यंत सांगितले जात नाही. (शेवटी त्याला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात, हा भाग मला कधीच पटला नाही, गेलेल्या लेकरांची अशी भरपाई होत नसते.)

पंडिता रमाबाईंचे आयुष्य मी या सात दिवसांच्या मौनाशेजारी ठेवून पाहतो. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंनी, त्या वेळी ख्रिस्ती होऊन त्यांना 13 वर्षे झाली होती, दुष्काळ का पडतो यावर प्रवचन केले नाही. स्वतःच्या उपासमारीची आठवण उरात घेऊन त्या तिकडे गेल्या, विधवांना आणि मुलींना घेऊन आल्या, आणि पुण्याजवळ केडगाव येथे त्यांच्यासाठी घर उभे राहिले.

परंतु माणसे माणसांजवळ बसतात, त्या वेळी देव कुठे असतो? ख्रिस्ती श्रद्धा येथे क्रुसाकडे बोट दाखवते. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ही बायबलमधील बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ क्रुसावर टांगलेल्या येशूच्या तोंडी येते, आणि ईयोबाची तक्रार देवाच्या पुत्राचीच प्रार्थना होऊन जाते.

बेथानी गावातला प्रसंग मला याहूनही जवळचा वाटतो. तिथला आपला मित्र लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस जागचा हलत नाही. तो पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था आणि मरीया या दोघी बहिणी त्याला वेगवेगळ्या वेळी भेटतात आणि एकच वाक्य ऐकवतात: 'प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.' येशू त्यांना दटावत नाही. आपण लाजराला मरणातून उठवणार आहोत हे त्याला ठाऊक आहे, तरीही शुभवर्तमानकार योहान लिहितो, 'येशू रडला.' ते पाहून जमलेल्यांपैकी काही म्हणतात, पाहा, याची त्याच्यावर किती प्रीती होती! काही म्हणतात, ज्याने आंधळ्याचे डोळे उघडले त्याला हा माणूस मरू नये असे करता आले नसते काय? योहानाने ही दोन्ही बोलणी लागोपाठ ठेवली आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येशू शब्दांनी देत नाही. तो पुन्हा व्याकुळ होऊन कबरेकडे चालू लागतो.