डोळा राखून तोड

ऊस लावायला बेणं तोडताना टिपरी कशी पाडतात, हे इथल्या बऱ्याच जणांनी शेतात पाहिलंय. कोयता डोळ्यावर पडता कामा नये. दोन डोळ्यांच्या मधल्या कांडीवर घाव घालायचा. डोळा चिरला की टिपरी उगवत नाही. स्ट्रिंग, म्हणजे संगणकातला सलग मजकूर, तोडण्याबद्दल मला जे सांगायचंय, ते सगळं या कोयत्यात आलं.

गुळाच्या एका अडत दुकानाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, संगणकावर आणायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक ओळीत गाव, रव्यांची म्हणजे गुळाच्या ढेपांची संख्या आणि दर. ‘वडणगे ४० ३,८००’ ही ओळ मोकळ्या जागेवर स्प्लिट केली, म्हणजे तोडली, की तीन तुकडे मिळतात. मी खूश झालो. पुढची ओळ आली, ‘कसबा बावडा ४० ३,८००’. आता तुकडे चार झाले. गाव नुसतं ‘कसबा’ राहिलं आणि रव्यांच्या जागी ‘बावडा’ जाऊन बसला! मग स्वल्पविरामावर तोडायचं ठरवलं, तर दराचाच तुकडा पडला. तीन हजार आठशेचा गूळ माझ्या प्रोग्रॅमनं तीन रुपयांना लावला. तपासणीत सापडलं म्हणून बरं, नाहीतर त्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामाचा हिशेब चुकला असता.

उत्तर ओळीतच होतं. गावाचं नाव कितीही शब्दांचं असो, शेवटचे दोन तुकडे ठरलेले. मग उजवीकडून तोडा. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत उजवीकडून तोडणारं आरस्प्लिट आहे, त्याला सांगायचं की दोनच घाव घाल. ‘कसबा बावडा’ अखंड राहतो. फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली, असेल तर स्वल्पविराम असलेला मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा संकेत आहे, २००५ साली आरएफसी ४१८० या तांत्रिक दस्तऐवजात तो लिहूनही ठेवलाय. अशा वेळी स्वतः स्प्लिट करत बसू नका. सीएसव्ही वाचणारं तयार मॉड्यूल वापरा.

आता मला जास्त जिव्हाळ्याचं आहे ते सांगतो. अक्षरांचं. गुळाच्या खोक्यांवरच्या लेबलात नावाला आठाचीच जागा होती, म्हणून मी पहिली आठ ‘अक्षरं’ घेतली. ‘महालक्ष्मी’चं छापून आलं ‘महालक्ष्’. शेवटी पाय मोडलेला ष! तुम्ही-आम्ही मोजतो ती अक्षरं चार: म, हा, ल, क्ष्मी. संगणक मोजतो ते संकेतांक, म्हणजे एकेका चिन्हाला दिलेले क्रमांक, दहा, कारण काना, वेलांटी आणि दोन्ही हलन्त त्याच्या लेखी सुटे आहेत. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइटचा, म्हणजे एकूण तीस बाइट. कोणी बाइटवर तोडलं तर अक्षराचा अर्धामुर्धा भागही उरत नाही, प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो.

यात आपल्या लिपीचा दोष नाही, हे ठासून सांगतो. मराठीच किचकट आहे असं मुलांच्या तोंडून ऐकलं की मला वाईट वाटतं. दोष तोडणाऱ्याच्या हाताचा आहे. हे संकेतांक ठरवणाऱ्या युनिकोड या प्रमाणात ग्राफीम क्लस्टर म्हणून एकक आहे, वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं ते. तिथंही आपल्या जोडाक्षरांना बराच काळ न्याय नव्हता. सर्वसाधारण नियमानं ‘कोल्हापूर’चे पाच तुकडे पडायचे: को, ल्, हा, पू, र. २०२३ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत हलन्तानं जोडलेली व्यंजनं एकत्र धरायचा नियम आला आणि ‘ल्हा’ एकसंध झाला. म्हणून तुमची लायब्ररी, म्हणजे तुम्ही वापरता तो तयार कोड, कोणत्या आवृत्तीवर चालते ते पाहून घ्या, जुनी असेल तर अजून पाचच देईल. जावास्क्रिप्टमध्ये रिकामी स्ट्रिंग देऊन स्प्लिट करण्याऐवजी ग्राफीम क्लस्टरवर तोडणारा इंटल सेगमेंटर वापरा.

समोर संगणक आहेत. ‘पन्हाळा’ टाइप करा. आधी लांबी विचारा, सात येईल. मग अक्षरं तोडून पाहा आणि ‘न्हा’ कुणाकुणाचा फुटला ते मला सांगा, तिथून पुढं जाऊ.