खाचांवरून ओळखलेला आकार

आषाढात लालबागच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात शिरले, तर ओळीने मांडलेल्या मूर्तींना रंग चढलेला नसतो, डोळ्यांची आखणी व्हायची असते आणि काहींचे हातही अजून जोडायचे असतात. तरीही समोर कोण आहे, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. मग ओळख पटते ती कशावरून?

मन आकार कसे पाहते याचा अभ्यास करणारे डोनाल्ड हॉफमन आणि व्हिटमन रिचर्ड्स यांनी १९८४ साली असे मांडले की, दिसणारा आकार मन आपसूक भागांत तोडते, आणि हा छेद पृष्ठभाग जिथे सर्वाधिक आत वळतो तिथे घेते. ही मूर्ती जवळून पाहा. गालापासून सोंड निघते तिथली खाच, कान आणि मस्तक यांच्यामधली खोबण, पोट मांडीवर टेकते तिथली घडी. कारागिराची कोरणी याच जागांवरून पुन्हा पुन्हा फिरते. तो अर्थातच कोणाचा सिद्धान्त वाचून बसलेला नसतो.

मानसशास्त्रज्ञ इर्व्हिंग बीडरमन यांनी १९८७ साली हा विचार पुढे नेला. त्यांच्या मते ठोकळा, नळकांडे, शंकू अशा अवघ्या ३६ मूलाकारांच्या जोडणीतून मन रोजच्या वस्तू ओळखते, आणि त्यात भागांइतकेच महत्त्व त्यांच्या परस्परसंबंधाला असते : नळकांड्याला वळलेली कडी बाजूला लावली की कप होतो, वर लावली की बादली. रेखाचित्रातल्या रेषांचे मधले तुकडे पुसले तरी वस्तू ओळखू येते. तेवढीच रेषा भागांच्या सांध्यांशी पुसली, तर बहुतेकांना ती ओळखताच येत नाही. या सिद्धान्ताचा सर्वांत भक्कम पुरावा हाच म्हणावा लागेल.

ओळख केवळ भाग आणि त्यांची जोडणी यांवरून होत असेल, तर वस्तू फिरवल्याने ओळखायचा वेळ वाढायला नको. मात्र मायकेल टार आणि स्टीव्हन पिंकर या मानसशास्त्रज्ञांच्या १९८९ च्या प्रयोगांत वेगळेच दिसले. अनोळखी आकृत्या लोकांना ठरावीक कलाने शिकवल्या होत्या. दाखवलेली आकृती शिकलेल्या कलापासून जितकी अधिक फिरलेली, तितका ती ओळखायला वेळ अधिक लागला. म्हणजे मनात निव्वळ रचना नसून पाहिलेली बाजूही साठवलेली असावी.

मूर्ती पाठीमागून दाखवून हा वाद मिटणार नाही, कारण तिथून सोंड दिसतच नाही आणि अशा वेळी ओळख अवघड होईल हे बीडरमन यांनाही मान्य आहे. कस लागतो तो सोंड, पोट आणि दोन्ही कान दिसत राहतील इतपतच मूर्ती वळवून, ओळखायला लागणारा वेळ मोजला तर.