फोकस बसत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. कॅमेऱ्याबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे जरा गंमतच आहे, पण आजच्या विषयात डोळ्यांइतकंच कानांनाही काम आहे. तक्रार नेहमीची: ऑटोफोकस बसत नाही. शटरचं बटण अर्धं दाबलं की लेन्स एक तर ढिम्म हलत नाही, नाहीतर नुसती पुढेमागे घरघरत राहते. मग ‘लेन्स गेली’ म्हणून माणसं थेट दुरुस्तीचं दुकान गाठतात. माझं म्हणणं, आधी बिघाड कुणाचा ते ठरवा. लेन्सचा, कॅमेऱ्याचा, की आपण केलेल्या सेटिंगचा? स्क्रू ड्रायव्हरला हात न लावता हे बरंचसं कळतं.

सुरुवात लेन्सच्या अंगावरच्या बटणापासून. एएफ आणि एमएफ, म्हणजे ऑटोफोकस आणि हाताने फोकस, असं लिहिलेलं ते बटण बॅगेतून काढता-घालताना हमखास सरकतं. हसू नका, जाणकारांचंही सरकतं. दूरचं जवळ आणणाऱ्या मोठ्या टेलिफोटो लेन्सवर शेजारीच आणखी एक बटण असतं, अंतराची मर्यादा घालणारं. ते दूरच्या टप्प्यावर असेल, तर जवळच्या वस्तूवर लेन्स फोकस घेणारच नाही. आणि प्रत्येक लेन्सला किमान अंतर असतं, त्याच्या आत गेलात की ती हात टेकते. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे, तर आतल्या सेन्सरपासून मोजतात. बऱ्याच कॅमेऱ्यांवर वरच्या बाजूला एक छोटं वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ दिसेल. सेन्सर तिथे आहे.

आता समोर काय आहे तेही बघा. कोरी भिंत, निरभ्र आकाश, अंधारातली काळी वस्तू यांवर उत्तमातला उत्तम कॅमेराही चाचपडतो, कारण फोकसला उजेड-सावलीचा फरक लागतो, कडा लागतात. म्हणून चाचणी घ्यायची ती भरपूर उजेडात, ठळक छपाईच्या कागदावर आणि फक्त मधला फोकस पॉइंट निवडून.

एवढं करूनही जमत नसेल, तर खरी परीक्षा पुढे आहे. तुमच्याकडे डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा असेल, तर तिच्यात फोकस करण्याच्या दोन वाटा असतात. डोळा लावायच्या खिडकीतून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून बघता तेव्हा आरशाच्या अर्धपारदर्शक भागातून थोडा प्रकाश मागच्या छोट्या आरशावर जातो आणि तिथून खाली, तळाशी बसवलेल्या वेगळ्या फोकस सेन्सरवर पडतो. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर चित्र बघण्याची सोय लावलात की आरसा वर उचलला जातो, तो खालचा सेन्सर आंधळा होतो, आणि मुख्य सेन्सरवरच्या चित्रावरून फोकस ठरतो. दोन्हींत लेन्सची मोटर मात्र एकच. तेव्हा तोच कागद, तीच जागा, कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि दोन्ही वाटांनी फोटो घ्या. लाइव्ह व्ह्यूत अक्षरं लख्ख आणि व्ह्यूफाइंडरमधून नेहमीच पुसट येत असतील, तर मोटर ठणठणीत आहे. दोष फोकस सेन्सरच्या किंवा आरशाच्या जुळणीत आहे, आणि काही कॅमेऱ्यांत तो मेनूतल्या बारीक समायोजनाने घरीच काढता येतो. दोन्हीकडे बोंब असेल, तर संशय लेन्सवर. एक सावधगिरी: काही जुन्या कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यूचा ‘क्विक’ मोड क्षणभर आरसा खाली आणून त्याच जुन्या वाटेने फोकस करतो. तो मोड या परीक्षेला चालणार नाही.

मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून ही परीक्षाही नाही. तिथे दुसरी लेन्स लावून बघणं हाच सरळ मार्ग. खरं तर डीएसएलआरलाही तो लागू आहे.

लेन्सवर संशय आला की ती काढून माउंटवरचे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते तिथले, सोनेरी कॉन्टॅक्ट बघा. बोटाचा तेलकटपणा तिथे बसला की कॅमेरा आणि लेन्स यांचं बोलणं तुटतं. कॅननच्या कॅमेऱ्यांवर येणारा ‘एरर ०१’ हेच सांगतो. कोरड्या, तंतू न सुटणाऱ्या मऊ कापडाने अलगद पुसा. मग कान लावा. काही लेन्समधली अल्ट्रासॉनिक मोटर जवळजवळ मुकी असते, तेव्हा शांतता म्हणजे बिघाड नव्हे. कटकट किंवा दाते घसरल्यासारखा आवाज येत असेल, तर मात्र लगेच थांबा. साध्या मोटरच्या लेन्समध्ये बटण एएफवर असताना रिंग जोराने फिरवू नका, दाते तुटतात.

काही बिघाड बिघाडच नसतात. शटरऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर फोकस ठेवण्याचं सेटिंग कुणी केलं असेल, तर शटरचं बटण कितीही दाबा, लेन्स हलणार नाही. लेन्सपुढे चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर लिनिअर प्रकारचा लावला की डीएसएलआरचा फोकस गोंधळतो, सर्क्युलर घ्यावा. निकॉनच्या काही स्वस्तातल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटरच नसते, त्यांवर कॅमेऱ्याच्या मोटरने स्क्रूवाटे फिरणारी जुनी लेन्स ऑटोफोकस करत नाही. वापरलेली लेन्स घेताना हे आधी विचारा. आणि व्ह्यूफाइंडरमधलं चित्र धूसर पण फोटो नितळ असेल, तर डोळ्याजवळचं डायॉप्टरचं, म्हणजे आपल्या नजरेच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवायचं चाक फिरलेलं आहे, बस्स.

दुरुस्तीला न्यायचीच वेळ आली, तर ‘फोकस होत नाही’ एवढंच सांगू नका. कुठल्या लेन्सवर, लाइव्ह व्ह्यूत काय होतं, आवाज कसा येतो, हे सांगा आणि चाचणीचे दोन्ही फोटो कार्डवर राहू द्या. नमस्कार.