ड्रमच्या तुकड्यावर वाढलेला नाच

श्रोतेहो, नमस्कार. आज ब्रेकडान्सविषयी बोलू या. नाच ही बघायची गोष्ट खरी, पण या नाचाची सुरुवात कानापासून होते.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कमधला ब्रॉन्क्स भाग. सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीनं पार्टी ठेवली होती. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांपुरते पैसे जमावेत, एवढाच हेतू. रेकॉर्डा लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. हे कुटुंब जमैकातून आलेलं. हर्कच्या लक्षात आलं होतं की, गायक थांबतो, बाकीची वाद्यं बाजूला होतात आणि ड्रम मोकळा वाजू लागतो, तेव्हाच पोरं बेभान नाचतात. हा तुकडा म्हणजे 'ब्रेक'. पण तो जेमतेम काही सेकंदांचा! मग हर्कनं दोन टर्नटेबलांवर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती चढवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. काही सेकंदांचा तुकडा आता हवा तेवढा लांबवता येऊ लागला. या ब्रेकची वाट बघत उभे राहणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल.

ब्रॉन्क्सची तेव्हा वाताहत झाली होती. वस्तीतून महामार्ग काढलेला, रोजगार गेलेले, इमारतींना आगी लागत होत्या. तिथल्या कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन मुलांनी गायक जेम्स ब्राउनची नाचाची पावलं, कुंग फू चित्रपटांतल्या लाथा, जिम्नॅस्टिक्स, लॅटिन नाच, जे दिसलं ते उचललं आणि आपलं करून टाकलं. १९७७ साली 'रॉक स्टेडी क्रू' हा नर्तकांचा चमू उभा राहिला आणि पुढे त्यानं हा नाच जगभर नेला.

नाचणाऱ्यांचं रिंगण म्हणजे सायफर. एकानं आत यायचं, नाचायचं, बाहेर पडायचं, मग पुढचा. समोरासमोर सामना रंगला की ती बॅटल. बॅटलमध्ये डिवचायला मुभा, अंगाला हात लावायला नाही. दुसऱ्याची चाल जशीच्या तशी उचलणं तर फारच कमीपणाचं. हा दंडक मला फार आवडतो.

आता अंगमेहनत. उभ्यानं केलेला टॉपरॉक झाला की नर्तक जमिनीवर उतरतो. तिथला पाया म्हणजे सिक्स-स्टेप. तळहात टेकलेले, कंबर जमिनीपासून वर, आणि पाय सहा पावलांत शरीराभोवती पूर्ण फेरी मारतात. पाय यायच्या आधी त्या बाजूचा हात उचलायचा, म्हणजे क्षणभर हातांवरचा सगळा भार एकाच मनगटावर. विंडमिलमध्ये खांदे आणि पाठीचा वरचा भाग यांवरून अंग गरगरतं, पाय हवेत फाकलेले. आणि फ्रीझ! बेबी फ्रीझमध्ये कोपर पोटाच्या बाजूला रोवायचं, डोकं टेकायचं आणि वेगात असलेलं शरीर एका ठोक्यावर जागच्या जागी थांबवायचं. ताकद लागते ती इथे.

मनगटं, खांदे, गुडघे आणि कंबर यांची दुखणी या नाचात नेहमीची. वर्षानुवर्षं डोक्यावर फिरणाऱ्यांचे तिथले केस विरळ होतात, काहींना टाळूवर टेंगूळही येतं. म्हणून शिकणाऱ्यांना कळकळीनं सांगते, आधी मनगटं आणि खांदे तयार करा, हेडस्पिनची घाई नको.

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग, म्हणजे हाच ब्रेकडान्स, पहिल्यांदा खेळलं गेलं. जपानची अमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड यांनी सुवर्णपदकं मिळवली. तिथे कोणतं गाणं लागणार हे नर्तकांना आधी ठाऊक नव्हतं, डीजे वाजवेल त्यावर तिथल्या तिथे नाचायचं. परीक्षक तंत्राबरोबरच संगीताची जाण आणि स्वतंत्र शैलीही तोलत होते. हे अगदी योग्य होतं. नुसत्या गिरक्या कितीही मारल्या आणि ड्रमकडे लक्षच नसलं, तर ती कसरत झाली. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही, याची मला हळहळ वाटते.

एखाद्या बॅटलचं चित्रण हाती आलं, तर गिरक्या मोजू नका. ड्रम ऐका, आणि फ्रीझ नेमका कुठल्या ठोक्यावर पडतो ते बघा.