बक्षीस व्हिडिओला, हार गायकाला

मंडळी, पत्रिकेवर ‘जपानचे म्युझिक व्हिडिओ पुरस्कार’ असा विषय छापलेला असूनही एवढे जण आलात. एकतर विषयाची गोडी आहे, नाहीतर व्याख्यानानंतरच्या आलुबोंड्याची कीर्ती सीताबर्डीपर्यंत पोचली आहे.

या व्हिडिओंना जपानमध्ये बरीच वर्षं ‘पीव्ही’ म्हणत. प्रमोशन व्हिडिओ. हल्ली ‘एमव्ही’ म्हणतात. जपानी शिकताना मी तो शब्द पहिल्यांदा वाचला आणि डोळ्यांपुढे आले आपले रामटेकचे खासदार. हसू नका, नागपूरकरांनी तर मुळीच हसू नये. पी. व्ही. नरसिंह राव रामटेकमधून दोनदा निवडून गेले, मराठीही त्यांना फर्डी येत असे. १९९१ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि त्याच वर्षी हाँगकाँगच्या स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आपल्या गच्चीवरच्या तबकडीत उतरलं. पीव्हींच्या राज्यात पीव्ही आले म्हणायचे!

असो. एमटीव्हीचा जपानी सोहळा २००२ पासूनचा. दरवर्षी एक संध्याकाळ, कधी टोकियोत, कधी शेजारच्या सैतामाच्या त्या अवाढव्य सुपर अरीनात. बक्षिसांची नावं मात्र बरीच वर्षं कशी होती, ऐका: ‘सर्वोत्कृष्ट पुरुष व्हिडिओ’, ‘सर्वोत्कृष्ट स्त्री व्हिडिओ’. मराठीत व्हिडिओ मुळात पुल्लिंगी. आमच्या व्याकरणाच्या बाईंनी त्या ‘स्त्री व्हिडिओ’वर लाल रेघच ओढली असती. अर्थ एवढाच की गाणारा पुरुष की बाई. म्हणजे बक्षीस व्हिडिओचं आणि मोजमाप गायकाचं. माझं दुखणं इथूनच सुरू होतं.

ते दुखणं जुनं आहे. मी वीस वर्षं लग्नाचे व्हिडिओ एडिट केले. एका लग्नात सप्तपदीच्या ऐन चौथ्या पावलाला कॅमेरामनची बॅटरी गेली. सात पावलांतली साडेतीनच हाती! मी काय केलं असेल? त्याच पावलांचे तुकडे उलटसुलट जोडले, मधे होमाचा धूर घातला, करवलीचं हसू घातलं, एका आजीबाईंचे पाणावलेले डोळे घातले. (आजीबाईंना धूर लागला होता, ते सोडा.) सात पावलं पूर्ण झाली. लग्न टिकलं, दोन मुलं आहेत. पुढे त्यांच्या घरी तो व्हिडिओ लावला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. नवरीच्या वडिलांनी पडद्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं, ‘आमचे भटजी काय व्यवस्थित विधी करतात बघा!’ मी पोहे खात राहिलो. शेवटच्या पाटीवर नाव होतं स्टुडिओच्या मालकाचं, कॅमेरामनचं आणि मांडववाल्याचं.

एमटीव्हीसारख्या एमटीव्हीने अमेरिकेत गाण्याच्या पाटीवर दिग्दर्शकाचं नाव द्यायला १९९२ उजाडू दिलं. वाहिनी सुरू झाली १९८१ ला. अकरा वर्षं! वरातीमागून घोडं, पण आलं तरी.

दुसरं दुखणं जपानी कंपन्यांचं. सीडीच्या पहिल्या आवृत्तीसोबत व्हिडिओची डीव्हीडी विकायची, म्हणून यूट्यूबवर अर्धाच व्हिडिओ टाकायच्या. वर लिहायच्या ‘शॉर्ट व्हर्जन’. गाणं रंगात येतं, नाचणारे हात वर नेतात आणि अंधार. ताटातून उठवल्यासारखं होतं हो! बरं, अर्धा तरी दिसला तर नशीब. बऱ्याचदा ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’. धंतोलीत बसून मी कोणाचा धंदा बुडवणार होतो?

…अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘सात मिनिटं’. मूळ मुद्दा अजून यायचाय, तेव्हा भराभर सांगतो.

मुद्दा असा, की व्हिडिओला बक्षीस द्यायचं तर ते घडवणाऱ्याला द्या. जपानमध्ये ही जाण होती. स्पेस शॉवर टीव्ही ही तिथली घरची संगीतवाहिनी १९८९ ची. १९९६ पासून तिचे स्वतःचे म्युझिक व्हिडिओ पुरस्कार, त्यात दिग्दर्शकासाठी वेगळं बक्षीस. एमटीव्हीच्या सोहळ्यात प्रेक्षकांची मतं मोजली जात. मतं देतो चाहता, आणि चाहता कॅमेऱ्याच्या कोनाला कशाला मत देईल? तो चेहऱ्याला देतो. मग २०१६ ला स्पेस शॉवरने नावातला ‘व्हिडिओ’ हा शब्दच काढला. राहिले नुसते म्युझिक अवॉर्ड्स. फोन उघडला की व्हिडिओच व्हिडिओ, आणि बक्षिसाच्या पाटीवरून मात्र व्हिडिओ गायब.

एक गोष्ट एमटीव्हीच्या बाजूनेही सांगायला हवी. २०११ च्या मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली. एमटीव्हीने मे महिन्यातला सोहळा पुढे ढकलला, ‘अवॉर्ड्स’च्या जागी ‘एड’ शब्द घातला आणि २५ जूनला टोकियोशेजारच्या चिबामधल्या माकुहारी मेस्से या प्रदर्शन केंद्रात मदतीसाठी तो केला. लेडी गागा आली होती. माकुहारी ही समुद्रात भर घालून केलेली जमीन. भूकंपात त्या किनाऱ्यावर मातीचा अक्षरशः चिखल झाला होता. तिथेच केला, हे मला आवडलं.

याच चिबात २०१४ मध्ये ओके गो या अमेरिकन बँडचा व्हिडिओ झाला. दोन हजारांवर माणसं, हातात छत्र्या, वरून ड्रोन. छत्र्या उघडतात-मिटतात आणि आकार उमटतात. बँडच्या गायकाबरोबर दिग्दर्शक होते कझुआकी सेकी. याच सेकींनी २०१० ला साकानाक्शन या जपानी बँडसाठी केलेला व्हिडिओ आता लावतोय. गायक चालतोय, कॅमेरा मागे सरकतोय, सगळं एका दमात, कुठे कात्री नाही. वाटेत मांडलेल्या वस्तू वाकड्यातिकड्या, निरर्थक. कॅमेरा नेमक्या जागी आला की त्यांतून गाण्याचे शब्द जुळतात. एक पाऊल पुढे गेलं की पुन्हा सगळा पसारा. मी एडिटर आहे, मला यात करण्यासारखं काहीच ठेवलेलं नाही, तरी मी हा शंभरदा पाहिलाय.

अरे, मागचे दिवे बंद करा रे. आणि बोंडे आत्ता वाटू नका, कागदाचा आवाज होतो.