हरायला लागलेल्या कन्सोलवाल्यानं आधी काय सांभाळायचं?

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? पंख्याचा आवाज जरा जास्तच आहे पण बंद केला तर दादरच्या या उकाड्यात तुम्हीच उठून जाल, त्यामुळे चालवून घ्या.

तर विषय असा दिलाय की एखादी कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं मशीन, बनवणारी कंपनी मागे पडली तर तिनं बाकीच्यांशी टक्कर कशी द्यायची. मी काही एमबीए वगैरे नाही हो. बरीच वर्षं लॅमिंग्टन रोडला गेमच्या दुकानात काउंटरला होतो, त्यामुळे मला ही सगळी भानगड विकणाऱ्याच्या बाजूनं दिसते. ऑनलाइन जी भांडणं चालतात ना, टेराफ्लॉप किती, फोर के आहे का, फ्रेमरेट काय, त्यातलं काउंटरवर फार थोडं यायचं. शनिवारी संध्याकाळी एखादा बाप मुलाला घेऊन यायचा, दोन खोके बघायचा आणि विचारायचा की यातला चांगला कुठला. आमचे शेठ मशीनबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. ते त्या मुलाला विचारायचे, काय रे, तुझे मित्र काय खेळतात? घरी जुनं काय आहे? त्याच्या डिस्क ठेवल्यात का? सौदा तिथेच ठरायचा, बाप नुसता पाकीट काढायचा.

माझं आजचं म्हणणं एवढंच की कंपनी अडचणीत आली की तिला वाटतं आता जबरदस्त नवीन मशीन काढलं पाहिजे, पण तिच्याकडे खरी शिल्लक काय असते तर आधीच पैसे टाकून बसलेली माणसं. गिऱ्हाईक, दुकानदार, गेम बनवणारे स्टुडिओ. ही माणसं हातची गेली की मशीन कितीही भारी असू दे, काही उपयोग नाही.

धंद्याचं गणित थोडक्यात सांगतो, बऱ्याच जणांना माहीत असेल. कन्सोल बहुतेक वेळा फार कमी नफ्यात किंवा चक्क तोट्यात विकतात आणि कमाई गेमवर करतात, डिजिटल स्टोअरवर दुसऱ्याचा गेम विकला गेला की साधारण ३० टक्के प्लॅटफॉर्मवाल्याचे. म्हणजे खोका विकून काम संपत नाही, तिथून सुरू होतं. माणूस पुढची पाच-सात वर्षं तुमच्याकडे गेम घेत राहिला तर तुम्ही जगलात.

आता सेगा. हे नीट बघू कारण चूक कशी करायची हे यांच्याइतकं कुणीच तपशिलात करून दाखवलेलं नाही. नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेत सेगा निन्टेंडोला टक्कर देत होती, त्यांच्या सोनिक गेमचा जमाना होता. मग त्यांनी जुन्या मशीनला लावायचा एक सीडीचा डबा काढला, १९९४ च्या शेवटी ३२एक्स नावाचं अजून एक जोडकाम काढलं, ते लोकांनी घेतलं आणि थोड्याच महिन्यांत नवीन सॅटर्न समोर, म्हणजे ३२एक्स घेणारा तोंडावर आपटला. आणि सॅटर्न आणला कसा ते बघा. तारीख सांगितलेली सप्टेंबर १९९५. मे महिन्यात लॉस एंजेलिसला ईथ्री नावाचा गेम कंपन्यांचा पहिला शो होता, तिथे सेगा अमेरिकेचे प्रमुख टॉम कलिन्स्की स्टेजवर गेले आणि म्हणाले की सॅटर्न आजच दुकानात आलाय, किंमत ३९९ डॉलर. टाळ्या वाजल्या असतील. पण माल फक्त मोजक्या चेनना दिलेला, बाकीच्या दुकानदारांना पेपरात वाचून कळलं, त्यातल्या केबी टॉइजनं तर वैतागून सॅटर्न ठेवायचंच नाकारलं. गेम बनवणारे सप्टेंबर धरून काम करत होते त्यामुळे मशीन आहे आणि गेम नाहीत अशी अवस्था. त्याच शोमध्ये थोड्या वेळानं सोनीचे स्टीव्ह रेस माइकपाशी आले, त्यांच्या प्लेस्टेशनची किंमत म्हणून २९९ एवढंच बोलले आणि खाली उतरले. बस. शंभर डॉलरनं स्वस्त.

लोक हा किस्सा २९९ साठी सांगतात, मला त्यातला दुकानदार दिसतो. ज्याला माल मिळाला नाही तो माणूस पुढची दोन वर्षं काउंटरवर बसून काय सांगणार गिऱ्हाइकाला? सॅटर्न घ्या म्हणेल? मी तरी नसतं म्हटलं.

मग १९९९ ला ड्रीमकास्ट. आता गंमत अशी की ड्रीमकास्ट खरंच चांगलं मशीन होतं, आतच मोडेम, किंमत १९९ डॉलर, अमेरिकेत पहिल्या दिवशी गेम धरून साडेनऊ कोटी डॉलरच्या वर धंदा. पण तोपर्यंत लोक तीनदा पोळलेले होते, ईएसारख्या गेम बनवणाऱ्या मोठ्या कंपनीनं गेम द्यायला नकार दिलेला, आणि समोर सोनीचा प्लेस्टेशन २ येतोय हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात डीव्हीडी चालणार आणि मुख्य म्हणजे प्लेस्टेशन १ च्या जुन्या डिस्कपण चालणार. शेठचा तिसरा प्रश्न आठवा. ज्याच्या घरी वीस डिस्क आहेत तो ड्रीमकास्ट कशाला घेईल, तो थांबला. जानेवारी २००१ अखेर सेगानं जाहीर केलं की कन्सोल बंद, एकूण ९० लाखांच्या आसपास विकले गेले. कंपनी वाचली ती अध्यक्ष इसाओ ओकावांमुळे, त्यांनी स्वतःची जवळजवळ ७० कोटी डॉलरची संपत्ती कंपनीला दिली आणि त्याच मार्चमध्ये ते गेले. असे मालक कुणाला मिळतात?

आता याच्या अगदी उलट बघा, २०११ मधली निन्टेंडो. थ्रीडीएस नावाचं हातात धरून खेळायचं मशीन काढलं २५० डॉलरला, चालेना. पाच महिन्यांत किंमत १७० वर आणली. ऐंशी डॉलर खाली, म्हणजे ज्यांनी पहिल्या महिन्यात विश्वासानं घेतला त्यांच्या तोंडावर मारल्यासारखंच की! आमच्याकडे असा भाव पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आत दोन-तीन जण बिल घेऊन उभे, आणि आम्ही काय करणार, चहा पाजायचो. निन्टेंडोनं काय केलं, आधी घेणाऱ्या सगळ्यांना ॲम्बॅसेडर असं नाव देऊन वीस जुने गेम फुकट दिले, त्यातले गेमबॉय ॲडव्हान्स या त्यांच्या जुन्या हातातल्या मशीनचे दहा तर थ्रीडीएसवर पुढे कधी विकायलाच ठेवले नाहीत. प्रमुख होते सातोरू इवाता, त्यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. हिशोबात बघितलं तर वीस जुन्या गेमना खर्च काय येतो, काहीच नाही जवळजवळ, पण पहिल्या दिवशी रांगेत उभा राहणारा माणूस हातचा गेला नाही. थ्रीडीएस शेवटी साडेसात कोटींच्या वर गेला.

कुणीतरी म्हणेल की निन्टेंडो तर वी यू या टीव्हीच्या मशीनमध्ये आपटली होती ना, हो आपटली, आणि सणकून. २०१२ ते २०१७ मिळून १ कोटी ३५ लाखांच्या आसपास, त्याच्या आधीच्या वी या मशीनचे १० कोटींच्या वर गेले होते. नावच असं ठेवलं की लोकांना वाटलं जुन्या वीला लावायचं काहीतरी आहे, आता अशा नावाला मंजुरी देणाऱ्या मीटिंगमध्ये कोण बसलं होतं देव जाणे. पण त्या पडत्या काळात दोन गोष्टी झाल्या ज्या बाहेरून दिसल्या नाहीत. एक म्हणजे लोक काढा, खर्च कापा असं गुंतवणूकदार म्हणत होते तेव्हा इवाता म्हणाले की नोकरी जाईल या भीतीत बसलेला माणूस लोकांना भावेल असा गेम बनवू शकेल असं मला वाटत नाही. आणि २०१३ मध्ये हातातल्या मशीनची टीम आणि टीव्हीच्या मशीनची टीम एकत्र केली. हे ऐकायला किती कंटाळवाणं आहे बघा, ऑफिसातला बदल! पण त्याच्याआधी निन्टेंडोचे स्टुडिओ अर्धे थ्रीडीएसला आणि अर्धे वी यू ला जुंपलेले असायचे, त्यामुळे दोन्हीकडे मध्येच महिनोन् महिने काही यायचंच नाही. बाहेरचे मोठे स्टुडिओ त्यांना फारसे गेम देत नाहीत, मग घरचेच गेम अर्धे-अर्धे वाटले तर उरणार काय. २०१७ ला स्विच आला, टीव्हीलापण लावा आणि ट्रेनमध्येपण खेळा, विरार लोकलमध्ये उभ्यानं खेळणारी मुलं मी स्वतः पाहिलीत. सगळे स्टुडिओ एकाच मशीनला. वी यू साठी बनवलेला मारिओ कार्ट ८ जरा पॉलिश करून तिथे आणला तर तो ६ कोटींच्या वर विकला गेला, म्हणजे जेवढे वी यू विकले त्याच्या चौपटीहून जास्त! माल चांगला होता, दुकान चुकलं होतं.

स्विचची ताकद प्लेस्टेशनच्या मानानं कमीच, निन्टेंडोच्या जुन्या हातातल्या गेमबॉयचीपण कमीच होती. १९८९ ला काळापांढरा स्क्रीन आणि चार पेन्सिल सेल, समोर सेगाचा गेम गिअर रंगीत पण सहा सेल काही तासांत खाऊन टाकायचा. गुनपेई योकोई म्हणून निन्टेंडोचे इंजिनिअर होते त्यांचं तत्त्वच होतं की जुनं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्या आणि वेगळ्या कामाला लावा. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, मूर्ती छोटीच, ते कधी लालबागशी उंचीची स्पर्धा करायला गेले नाहीत आणि तरी लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातातच. पण हे प्रत्येकाला जमेल असं समजू नका. निन्टेंडोकडे वी आणि डीएस (थ्रीडीएसच्या आधीचं हातातलं मशीन) यांच्या काळातला पैसा बँकेत पडून होता आणि मारिओ घरचा होता. तुमच्याकडे दोन्ही नसेल आणि तुम्ही नुसतंच कमी ताकदीचं मशीन काढलंत तर लोक त्याला कमी ताकदीचं मशीनच म्हणतील.

सोनीचं पटकन सांगतो. प्लेस्टेशन ३, २००६, ५९९ डॉलर, आणि आयसप्लाय या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कंपनीच्या अंदाजानुसार बनवायला ८०० च्या वर. प्रोग्रामरना त्यातली सेल नावाची मुख्य चिप डोक्याला ताप. पुढे खर्च वाचवायला त्यांनी जुन्या पीएस२ च्या डिस्क चालणंसुद्धा काढून टाकलं, म्हणजे माझ्या म्हणण्याच्या बरोबर विरुद्ध, आणि तरी ते वाचले. का? कारण घरचे स्टुडिओ, नॉटी डॉगसारखे, त्यांना हात लावला नाही. २००९ ला स्लिम मॉडेल २९९ ला आणलं. २०११ ला नेटवर्क हॅक होऊन ७ कोटी ७० लाख अकाउंटची माहिती गेली तेव्हा माफी मागून गेम फुकट वाटले. हळूहळू ८ कोटींच्या वर गेले. तेव्हा तत्त्व वगैरे ठीक आहे, पण घरात चांगले स्टुडिओ असले की बरंच निभावतं.

आणि आता मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, ज्याच्यासाठी तुमच्यापैकी निम्मे आलेत हे मला माहितीये. २०१३ ला एक्सबॉक्स वन जाहीर झाला, कॅमेरा गळ्यात मारून ४९९ डॉलर, चोवीस तासांत एकदा नेटला जोडलाच पाहिजे, सेकंडहँड डिस्कवर बंधनं. अहो आमच्या रस्त्याचं अर्धं चलनवलन सेकंडहँड डिस्कवर! गेम संपवायचा, आणून द्यायचा, वर थोडे पैसे टाकून दुसरा न्यायचा, कॉलेजच्या पोरांना परवडतं ते असंच. सोनीनं काही सेकंदांचा व्हिडिओ काढला, मित्राला गेम कसा द्यायचा तर एकानं डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली, झालं. आणि त्यांच्या प्लेस्टेशन ४ ची किंमत ३९९. मायक्रोसॉफ्टनं जूनमध्येच नियम मागे घेतले, २०१५ पासून एक्सबॉक्स ३६० चे जुने गेम चालवायला सुरुवात केली, तेव्हाचे एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी त्यात खरंच मेहनत घेतली, नाही असं नाही. पण वेळ निघून गेली होती. त्याच काही वर्षांमध्ये लोक डिस्क सोडून डिजिटल घ्यायला लागले आणि एकदा शे-दीडशे गेम एका अकाउंटवर जमा झाले की ते विकताही येत नाहीत आणि दुसरीकडे नेताही येत नाहीत. २०२३ मध्ये स्पेन्सर एका मुलाखतीत स्वतःच म्हणाले की हरण्यासाठी ती सगळ्यात वाईट पिढी होती.

मग पैशानं सोडवायला गेले. जवळपास ६९ अब्ज डॉलरला ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम बनवणारी कंपनी घेतली. गेम पास काढला, म्हणजे महिन्याला पैसे भरा आणि ढीगभर गेम खेळा, तो सुरुवातीला खरंच स्वस्तात मस्त होता आपल्यासाठी, पण ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेत त्यातल्या सगळ्यात वरच्या अल्टिमेटचा महिना एकदम ३० डॉलर केला. आणि घरचे गेम आता प्लेस्टेशनवरही. मला यात सेगाचा रस्ता दिसतो, तिनंही शेवटी सोनिक निन्टेंडोच्या मशीनवर नेला. धंदा म्हणून चूक आहे असं मी म्हणणार नाही, गेम विकून कंपनी मजेत जगू शकते. फक्त मग ज्यानं खोका घेतलाय त्याला स्वच्छ सांगा की पुढचा खोका येणार का आणि तुझे गेम त्यावर चालणार का. हे गोलगोल बोलत राहिलात तर तो स्वतःच उत्तर काढतो आणि जुना खोका ओएलएक्सवर टाकतो.

(एका श्रोत्यानं विचारलं की भारतात कुणी स्वस्तात कन्सोल काढला तर चालेल का.)

चालेल की नाही ते किमतीपेक्षा नंतरवर आहे असं मला वाटतं. पीएस५ इथे फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० ला आला आणि मिनिटांत संपला, म्हणजे पैसे टाकणारे लोक आहेत. स्विच तर निन्टेंडोनं इथे अधिकृतपणे आणलाच नाही, तरी लॅमिंग्टन रोडला आणि हिरा पन्ना मार्केटला मिळायचाच, गल्फवरून आलेला, गॅरंटी दुकानदाराच्या तोंडची. जॉयस्टिक आपोआप सरकायला लागली की पोरं रडकुंडीला येऊन काउंटरवर यायची आणि आमचा रिपेअरवाला कुठूनतरी पार्ट मागवून बसवून द्यायचा. फोन फुकट आहे, फोनवर सगळे मित्र आहेत, त्याच्याशी किमतीत कोण भांडणार? मला कुणी पैसे दिले तर मी पहिल्या वर्षी जाहिरातीत क्रिकेटर घेणार नाही, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूरला सर्व्हिस सेंटर टाकेन, तिथे कंट्रोलर त्याच दिवशी बदलून मिळाला पाहिजे, आणि जुन्या गेमचे थोडेफार पैसे वळते करून नवा गेम देईन, डिस्क असो की डिजिटल. डिजिटलला हे कसं बसवायचं त्याचा हिशोब मात्र सोपा नाही, स्टुडिओवाले लगेच ओरडतील, त्यांना त्यातला वाटा द्यावा लागेल.