गोड्या विहिरीखालचा गाळ

नमस्कार श्रोतेहो. किनाऱ्यालगतच्या दोन विहिरी डोळ्यांसमोर आणा. एक समुद्राला अगदी खेटून, तरी तिचं पाणी गोड. दुसरी बरीच आत, आणि ती मात्र मचूळ. असं का होतं, हे समुद्राकडे बघून कळत नाही. त्यासाठी विहिरीखालचा गाळ बघावा लागतो.

आधी एक हिशेब सांगतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. म्हणून जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर भूजलाची पातळी 1 मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. म्हणजे उपसा करून ती पातळी अर्धा मीटर उतरवली, की खालून खारं पाणी हळूहळू 20 मीटर वर चढू शकतं. शंभर लिटर गोड्या पाण्यात दोन लिटर समुद्राचं पाणी मिसळलं तरी ते पिण्याला नकोसं होतं.

पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : खाली सगळीकडे एकसारखी वाळू आहे. तशी ती क्वचितच असते.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ 120 मीटर खाली होती. नद्यांनी तेव्हा खोल दऱ्या कोरल्या. पुढे समुद्र वर आला आणि त्या दऱ्या भरत गेल्या, बऱ्याचदा तळाशी गोटे आणि भरड वाळू, वर चिखल. आज वरून तिथे सपाट जमीन दिसते. खाली मात्र ती जुनी नदी तशीच आहे, आणि उपसा वाढला की समुद्राचं पाणी तिच्याच वाटेने आत शिरतं. आतल्या विहिरीचं मचूळपण पुष्कळदा इथून येतं.

चिकणमातीची तऱ्हा वेगळी. तिच्यात वाळूपेक्षाही जास्त पोकळी असते, पण ती इतकी बारीक की पाणी पुढे जवळजवळ सरकतच नाही. गोट्यांतून आणि चिकणमातीतून पाणी वाहण्याच्या वेगात लाखो पटींचा फरक पडतो. म्हणून विहिरीच्या तळाखाली चिकणमातीचा सलग थर असेल, तर तो खालच्या खाऱ्या पाण्याला अडवून धरतो. समुद्राजवळची विहीर गोडी राहते ती अशा थराच्या जिवावर. बोअर मारताना तो थर भेदला आणि पाइपाभोवतीची फट नीट बुजवली नाही, तर ही राखण आपणच मोडून टाकतो. हे मला फार लागतं, कारण ते भोक पुन्हा बुजवणं महाकठीण असतं.

हीच चिकणमाती कधी खारेपणाही सांभाळून ठेवते. हजारो वर्षांपूर्वीचं समुद्राचं पाणी तिच्यात अडकलेलं असतं आणि कणाकणाने बाहेर येत राहतं. तिथे उपसा थांबवला तरी पाणी लवकर सुधारत नाही. शिवाय समुद्राच्या पाण्यातलं सोडियम मातीच्या कणांना चिकटतं आणि कॅल्शियम सुटतं. पाणी दुष्फेन होतं, म्हणजे साबणाला फेस येईनासा होतो. पुढे गोडं पाणी परत आलं, तर सोडियम धरून बसलेली ती माती फुगते, वाळूतल्या वाटा बुजवते.

जमिनीत वीज सोडून, तिला किती अडथळा होतो ते मोजून थर तपासतात, पण खारं पाणी आणि चिकणमाती दोन्ही विजेला सहज वाट देतात. नुसत्या आकड्यावरून ओळखताना फसगत होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. बोअर मारताना वर येणारा गाळ फेकून देऊ नका. दर मीटरला मूठभर नमुना पिशवीत भरा, त्यावर खोली लिहा. कुठे वाळू लागली, कुठे चिकणमाती, कुठे गोटे, हे वहीत उतरवा. शेजारी पुढची बोअर मारायची वेळ येईल, तेव्हा किती खोलीवर थांबायचं ते त्या वहीतून कळेल.